कृष्णाकांठीं तापलेली पाटी

साताऱ्याहून सांगलीस जाण्याचे प्रसंग आमच्या आयुष्यांत इतके आले आहेत कीं, त्या वाटेविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नवें उरलें असेल असें आम्हांस वाटत नव्हतें. आमची थोरली बहीण सांगलीस दिलेली. तेव्हां बारशापासून तेराव्यापर्यंतच्या नाना निमित्तांनीं ती वाट आम्हीं तुडविली आहे, कधीं एस.टी.नें, कधीं आगगाडीनें, आणि एकदां तर कऱ्हाडास गाडी चुकल्यामुळें उसाच्या ट्रकमधूनही. परंतु गेल्या वैशाखांत आमच्याबरोबर एक नवा सोबती होता, आणि त्याच्या तापट स्वभावामुळें त्या जुन्याच प्रवासांत असें कांहीं घडलें कीं, तें वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

हा सोबती म्हणजे चिरंजीवांनीं गेल्या दिवाळींत आणून दिलेला टॅब्लेट. ‘टॅब्लेट’ म्हटलें कीं आम्हांस अजून डॉक्टरांची गोळीच आठवते; म्हणून आम्हीं त्यास ‘पाटी’ म्हणावयास आरंभ केला, आणि आतां घरांत सर्वांच्या तोंडीं तोच शब्द बसला आहे. शब्द चुकीचा नाहीं. आकार तोच, मांडीवर घेण्याची रीत तीच, पुसून टाकण्याची सोयही तीच. भेद एवढाच कीं, आमच्या लहानपणची दगडी पाटी भर वैशाखांतही हातास गार लागे.

आमचें घर एकत्र कुटुंबाचें. लहानथोर मिळून अकरा माणसें, आणि पाटी एक. नांवाला ती आमची. पहांटे आम्ही तिच्यावर जुन्या संस्कृत ग्रंथांचीं पानें उघडतों. अक्षर दोन बोटांनीं हवें तेवढें मोठें करतां येतें, हें केवढें सुख आहे तें मोतीबिंदू झालेल्यांसच कळेल. आम्ही उठतांच सौभाग्यवती पंचांग पाहतात. मग धाकटी भावजय एखाद्या पदार्थाची कृति पाहण्यासाठीं तिला स्वयंपाकघरांत नेते आणि शेगडीशेजारीं, फोडणीच्या वाफेंत, पिठाच्या डब्यास टेकवून उभी करते. दहा वाजतां नातवाची शिकवणी, दुपारीं थोरल्या वहिनींचें कीर्तन, सायंकाळीं परदेशीं असलेल्या कन्येशीं समोरासमोर बोलणें, रात्रीं पुतण्याचा क्रिकेटचा सामना. सामना संपला कीं पुतण्या तिला चार्जिंगला लावून उशीखालीं घेऊन निजतो. दिवसा जो अर्धा तास तिला विसांवा मिळावयाचा, त्याही वेळीं ती भिंतीच्या दोरीस बांधलेली, आणि बहुधा कोणी तरी तिच्यावर चित्रें पाहत असतेंच. एका बैलावर अकरा शेतकऱ्यांनीं नांगर धरावा, तसा हा प्रकार.

फाल्गुन सरेपर्यंत हें निभावलें. साताऱ्याची हवा मुळांत प्रेमळ. अजिंक्यताऱ्याच्या उत्तर अंगास वसलेलें हें गांव. किल्ल्याची सावली आणि यवतेश्वराच्या बाजूचा वारा यांवर आमच्या पिढ्या वाढल्या. पण चैत्र लागला आणि पाटी तापूं लागली. प्रथम पाठ कोमट, मग ऊन, मग मांडीवर ठेववेना. पडदा आपोआप मंदावूं लागला, एक पान उलटून दुसरें येईपर्यंत आमचा एक श्लोक म्हणून होऊं लागला, आणि एके दिवशीं तर सारी दुपार दोरीस बांधून ठेवूनही बॅटरी भरेना.

आमच्या घरांत वैद्यांचा तोटा नाहीं. कोणी म्हणालें, ओल्या पंचाची पट्टी ठेवा. माठ जसा झिरपून गार होतो, तशी ही होईल. कोणी पंख्याखालीं ठेवली, कोणी देवघरांतल्या थंड फरशीवर. आमचा स्वतःचा उपाय सर्वांवर कडी करणारा निघाला. आम्हीं ती उचलली आणि फ्रिजमध्यें, दुधाच्या पातेल्याखालच्या फळीवर ठेवून दिली. दहा मिनिटांनीं बाहेर काढली तेव्हां ती खरोखरच गार होती. पण पाहतां पाहतां तिच्या कांचेवर, पाठीवर आणि दोरी खोंचावयाच्या भोंकांत बारीक थेंब जमले. पुढें रात्रभर ती चार्जिंग घेईना. पडद्यावर ओल असल्याची सूचना मात्र येई. ज्यानें तीस वर्षें मुलांस फळ्यावर आकृति काढून दंव कसें पडतें हें शिकविलें, त्यानेंच हें करावें! नातवानें तें आपल्या गुरुजींस सांगितलें हें आम्हांस मागाहून कळलें. असो.

एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे, कारण पुढें तिचा संबंध आहे. माघांत ही पाटी एकदां ओट्याच्या पायरीवर पडली होती. तेव्हां सौभाग्यवतींनीं तिच्यासाठीं एक आवरण शिवलें. आपल्या जुन्या इरकली लुगड्याचें, आंत चार पदर घालून, गोधडीच्या बारीक टांक्यांनीं; पडद्याएवढी खिडकी मोकळी, बाकी पाठ, कडा, कोपरे सर्व झांकलेले. तो अंगरखा इतका सुबक झाला होता कीं, शेजारच्या दोघीजणी नमुना मागून गेल्या. तो काढावा असें कोणाच्या मनांतही आलें नाहीं. तापलेल्यास गोधडींत गुंडाळूं नये हें आम्हांस कळत होतें. पण ही गोधडी आहे, हें कळलें नव्हतें.

आतां सांगलीस कां जावयाचें होतें तें सांगतों. आमची आई जात्यावर ओव्या म्हणे. कांहीं परंपरेनें आलेल्या, कांहीं तिच्या स्वतःच्या. कोणती कोणाची हें तिनें कधीं सांगितलें नाहीं, आणि विचारावें असें आम्हां पुरुषांस कधीं वाटलें नाहीं. ओव्यांचें मोल ज्यांनीं वेळीं ओळखलें अशीं माणसें महाराष्ट्रांत झालीं. सरोजिनी बाबर या तर सांगली जिल्ह्यांतल्याच, बागणीच्या. हेमा राईरकर व गी पोअतवां यांनीं खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. परंतु आमच्या आईच्या ओव्या कोणत्याही संग्रहांत नाहींत. त्या आमच्या अक्काच्या कंठांत आहेत. अक्का ८४ वर्षांची आहे, आणि त्या कंठास गेल्या पावसाळ्यापासून खोकला जडला आहे.

‘वहींत लिहून घ्या’ असें चिरंजीवांचें म्हणणें. पण अक्काच्या घरच्या वह्या आम्हीं पाहिल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांवर चढलें, तेथील धोक्याची पातळी ४५ फुटांची, तेव्हां गांवभागांतल्या त्यांच्या घराच्या माजघरांत पुरुषभर पाणी होतें. पेटीभर कागद, त्यांत अक्कानें लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत लिहिलेल्या ओव्यांची एक वही होती, त्याचा लगदा झाला. म्हणून यंदा ओव्या कागदावर नव्हे, पाटींत भरावयाच्या. चाल, आवाज, अक्काचा चेहरा, सर्व कांहीं. या विचारानें आम्ही उभयतां आणि सुट्टी लागलेला नातू असे निघालों.

साताऱ्याचें स्टेशन साताऱ्यांत नाहीं, हें परगांवच्या माणसास ठाऊक नसतें. तें गांवापासून दूर, माहुलीच्या अंगास आहे. माहुलीस कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम. जुनीं देवळें, पायऱ्या आणि थडीं. तेथून खालीं रूळ आणि नदी यांचा लपंडाव सांगलीपर्यंत चालतो. कोरेगांव, रहिमतपूर, तारगांव, मसूर हीं नांवें आम्हांस पाढ्यासारखीं पाठ आहेत. कऱ्हाडास कोयना येऊन कृष्णेस समोरासमोर मिळते, आणि त्यापुढें रान हिरवें होत जातें. तसें पाहिलें तर हा सारा मुलूख एकच. १९४९ मध्यें सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिणेकडील भागास ‘दक्षिण सातारा’ म्हणूं लागले. १९६० मध्यें त्याचेंच नांव सांगली जिल्हा झालें. अक्काचें लग्न १९५९ चें. म्हणजे ती दक्षिण साताऱ्यांत दिली गेली, आणि चूल न हलवितां पुढच्याच वर्षीं सांगली जिल्ह्यांत गेली. आम्ही त्या लग्नांत पाळण्यांत होतों.

नातू डाव्या खिडकीशीं बसला होता. सकाळचें ऊन सरळ त्याच्या मांडीवर, आणि मांडीवर पाटी. तिच्यावर त्यानें नकाशा उघडला होता. गाडी धांवेल तसा एक निळा ठिपका रुळावरून सरके, आणि तो ठिपका म्हणजे आपणच, याचें त्यास मोठें नवल. जोडीला कसलें तरी गाणें चालू. बॅटरी संपेल म्हणून दोरी बांकाजवळच्या खोबणींत खोंचलेली. आणि सर्वांवर इरकली अंगरखा. रहिमतपूर येईतों पाटी ऊन झाली. कऱ्हाडास पडदा इतका मंद झाला कीं, ठिपका दिसेना. उन्हामुळें दिसत नसेल असें समजून नातवानें तेज पूर्ण चढविलें. टाकारीस चार्जिंग थांबलें. आणि किर्लोस्करवाडीच्या फलाटावर गाडी उभी राहिली, तेव्हां पडदा काळा होऊन त्यावर उष्णतामापकाचें एक चिमुकलें चित्र उमटलें व तेंही विझलें.

किर्लोस्करवाडी! औंध संस्थानच्या माळरानावर १९१० मध्यें लक्ष्मणरावांनीं वसविलेलें हें गांव. लोखंडी नांगर येथें झाले, पंप येथें झाले, आणि १९२० पासून निघालेल्या मासिकाच्या रूपानें कित्येक घरांची वाचनाची गोडीही येथेंच तयार झाली. आमच्या वडिलांनीं बांधून ठेवलेले त्याचे खंड अजून माळ्यावर आहेत. ज्या गांवानें देशभर पाणी खेळविलें, त्याच गांवीं आमचें यंत्र उष्म्यानें मूर्च्छित पडावें, याचें आम्हांस हसूं आलें, नातवास रडूं. सौभाग्यवती म्हणाल्या, “दमली असेल बिचारी, निजूं दे.” आणि त्यांनीं ती पातळांच्या घड्यांमध्यें, पिशवीच्या तळाशीं ठेवून दिली. भिलवडी येईपर्यंत ती चांगली उबेंत होती.

सांगलीस उतरलों तेव्हां बारा वाजले होते. सांगलीचें ऊन साताऱ्याच्या उन्हासारखें नव्हे. वैशाखांत पारा चाळीसच्या आसपास, आणि नदीकांठ असूनही वारा पडलेला. अक्का पडवींत वाट पाहत बसली होती. भिंतीवर, तिच्या डोक्याच्याही वर, महापुराच्या पाण्याची पिंगट रेघ अजून दिसते. भाच्यानें तीवर रंग दिला नाहीं, मुद्दाम.

जेवणें झाल्यावर अक्का म्हणाली, “बाळ, आज नको. ओव्या दुपारच्या नसतात. उद्यां पहांटे म्हणेन.” येथें आमची चूक झाली. पाटी थोडी निवली होती, चालूही झाली होती. आणि आम्हांस वाटलें कीं, उजेड भरपूर आहे तोंवर अक्काचें चित्र नीट उतरेल. शिवाय ८४ वर्षांचें माणूस. उद्यां खोकला वाढला तर? आम्हीं हट्ट धरला. अक्का हसून बसली. पडवीवर पत्रा, पत्र्याखालीं भट्टी. आम्हीं पाटी कट्ट्यावर, कवडशाच्या तोंडाशीं, उशीला टेकवून ठेवली, दोरी लावली, आणि ध्वनि व चित्र दोन्ही घेण्यास आरंभ केला.

अक्कानें डोळे मिटले. पहिल्या पांच-सात ओव्या आमच्या कानांवरच्या होत्या. मग ती हळूहळू कोठें तरी मागें गेली, आणि आम्हीं कधींच न ऐकलेल्या ओव्या येऊं लागल्या. आणि त्यांत एक आली, तिच्यांत आमच्या भावाचें नांव होतें. हा भाऊ आमच्या जन्मापूर्वींच, चवथ्या वर्षीं, वारला. घरांत त्याचें नांव कोणी काढीत नसे. आम्हांस तें पन्नाशीनंतर अक्काकडूनच कळलेलें. आई त्याच्याविषयीं कधीं बोलली नाहीं असें आम्हीं आयुष्यभर समजत होतों. ती जात्याशीं बोलत होती.

ती ओवी अर्ध्यावर होती आणि आमची दृष्टि पाटीकडे गेली. पडदा काळा. तेंच चिमुकलें उष्णतामापक. अक्काचे डोळे मिटलेले. तिला थांबवावें तर धागा तुटेल, न थांबवावें तर सारें हवेंत जाणार. खिशांत पेन्सिलही नव्हती. आम्ही स्तब्ध बसून ऐकत राहिलों. अक्कानें ओवी पुरी केली, खोकली, आणि पाणी मागितलें. पाटी निवल्यावर पाहिलें, तर सुरुवातीपासूनचें कांहींही सांठलें नव्हतें.

सायंकाळीं भाचेसून महाविद्यालयांतून आली. ती पदार्थविज्ञान शिकविते. तिला हकीकत सांगितली तेव्हां तिनें प्रथम पाटी हातांत घेतली, उलटी केली, टेबलावर सपाट ठेवून डुलते कां तें पाहिलें. मग म्हणाली, “मामा, हिला ताप आलेला नाहीं. हिला उकडतें आहे.”

तिनें जें सांगितलें तें आमच्या बुद्धीस पटलें, आणि घरोघरीं उपयोगी पडणारें आहे म्हणून येथें देतों. काम केलें कीं यंत्राच्या पोटांत उष्णता व्हावयाचीच. मोठ्या संगणकांत ती बाहेर फेंकण्यास पंखा असतो. पाटीच्या पोटांत पंखा नाहीं. जी उष्णता निघते ती पाठीच्या पत्र्यांतून आणि कांचेंतून बाहेरच्या हवेंत जावयाची. पाठ झांकली कीं वाट बंद. चार्जिंग चालू असतां बॅटरी स्वतःच तापते. त्याच वेळीं काम घेतलें तर दोन्ही उष्णता एकत्र होतात. भर उन्हांत पडदा दिसावा म्हणून तेज चढवावें, तर तीही उष्णता. आणि ऊन तर वरून तापवीतच असतें. चालत्या गाडींत नकाशा पाहिला तर आपण कोठें आहों हें तिला क्षणोक्षणीं शोधावें लागतें. जेथें मोबाइलची लहर क्षीण, तेथें ती पकडण्यासाठीं जोर अधिक लावावा लागतो. “तुम्हीं एकही गोष्ट वगळलेली नाहीं,” ती म्हणाली. तिला रागें भरावयाचें नव्हतें. पण शिक्षकाचा स्वर आम्ही ओळखतों.

“हवेचा तरी काय दोष?” आम्हीं विचारलें.

“हवेचाही आहेच. ॲपल कंपनी आपल्या आयपॅडसाठीं सांगते कीं, तो शून्य ते पस्तीस अंश हवेंत वापरावा, आणि बंद ठेवावयाचा झाला तरी पंचेचाळीसपलीकडे नेऊं नये. तुमची पाटी दुसऱ्या घरची, पण बॅटरीचें कूळ एकच. आज आपल्या पडवींत पत्र्याखालीं किती होतें, मामा?”

हें कूळ म्हणजे लिथियम-आयन बॅटरीचें. १९९१ मध्यें ती बाजारांत आली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या वर्षीं अक्काची वही पाण्यांत गेली, तेंच वर्ष. अशा बॅटरीस उष्णता सोसत नाहीं. वारंवार तापली तर तिचें आयुष्य झिजतें, आणि तें परत भरून येत नाहीं. म्हणून यंत्रांत अशी योजना असते कीं, तापूं लागलें म्हणजे प्रथम गति कमी करावी, मग पडदा मंद करावा, मग चार्जिंग थांबवावें, आणि एवढ्यानें भागलें नाहीं तर स्वतःच बंद व्हावें. म्हणजे आमच्या पाटीनें चैत्रापासून आम्हांस तीन वेळां सांगून पाहिलें होतें.

“आणि ती टेबलावर ठेवून काय पाहिलेंस?”

“पाठ फुगली आहे कीं काय तें. बॅटरी बिघडली कीं फुगते. पाटी सपाट बसत नाहीं, पडदा कडेनें उचलला जातो. तसें दिसलें तर चार्जिंग एकदम बंद करावयाचें, दाबावयाची नाहीं, टोंचावयाची नाहीं, सरळ दुरुस्तीच्या दुकानीं न्यावयाची. क्वचित् पेटही घेते. तुमची बरी आहे. पण रात्रीं चार्जिंगला लावून अंथरुणांत, उशीखालीं कोणी ठेवीत नाहीं ना?”

सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. त्यांनीं तेथूनच साताऱ्यास फोन लावला आणि पुतण्याशीं जें बोलल्या तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

राहतां राहिला अंगरखा. भाचेसून बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “मामी, टांके किती सुरेख आहेत! आजकाल असे कोणी घालीत नाहीं.” आणि थांबली. सौभाग्यवतींनीं तिच्याकडे पाहिलें, पाटीकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां आपल्या हातानें तो काढून घडी करून ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारांत आम्हांस जें साधलें नसतें, तें त्या मुलीनें एका वाक्यानें साधलें.

उन्हें उतरल्यावर भाचा आम्हांस हरिपुरास घेऊन गेला. कृष्णा-वारणेचा संगम, त्यावर संगमेश्वराचें देऊळ. ‘शारदा’कार देवलांचें हें गांव. येथील भूमीचा एक विशेष आमच्या मनांत पूर्वींपासून होता, पण त्या दिवशीं तो निराळा दिसला. सांगलीची हळद सर्वांस ठाऊक आहे. २०१८ मध्यें तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. ही हळद पूर्वीं हरिपुराच्या पेवांत ठेवीत. पेव म्हणजे जमिनींत खोल खणलेली कोठी. वर तोंड अरुंद, आंत पोट मोठें. हळद भरावयाची, तोंड लिंपून टाकावयाचें. वर्षानुवर्षें कीड नाहीं, ओल नाहीं, रंगही उतरत नाहीं. उघडल्यावर मात्र आंतली कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खालीं उतरत नसे. ‘पेव फुटलें’ हा आपला वाक्प्रचार अशाच कोठ्यांवरून आलेला. २००५ च्या महापुरांत पाणी शिरलें आणि पुष्कळ पेवें निकामी झालीं. भाचा एक मोकळें तोंड दाखवीत होता, आणि आम्ही मनाशीं म्हणत होतों: हळदीस जें मानवतें, तेंच आम्हीं चार महिने पाटीस देत होतों. नातवानें त्यांत वांकून हांक मारली. खालून हांक आली नाहीं.

रात्रीं अक्काच्या सासऱ्यांचें पोथी वाचण्याचें लांकडी व्यासपीठ माळ्यावरून काढलें. दोन फळ्यांची ती कैची. तिच्यावर पाटी ठेवली तर पाठीमागून वारा सरळ खेळतो. भाचेसुनेनें पाटी पूर्ण भरून घेतली आणि दोरी काढून ठेवली. नातवानें उघडून ठेवलेले सारे खेळ व नकाशे बंद केले, पडद्याचें तेज उतरविलें, सिमकार्डाची लहर बंद केली. “आणि मामा, चित्र नको. नुसता आवाज घ्या. चित्र घेण्यांत हिला फार राबावें लागतें.” अक्काचा चेहरा हवा होता आम्हांस. पण ऐकलें.

पहांटे पांच वाजतां आम्ही माजघरांत बसलों. नदीवरून गार झुळूक येत होती. ती वैशाखांत सांगलीस त्याच एका तासापुरती येते. अक्का भिंतीशीं बसली. मग म्हणाली, “जातें असतें तर बरें झालें असतें.” जातें परसांत, तुळशीजवळ होतें, पुराच्या गाळांतून काढल्यापासून तसेंच. भाचा आणि आम्ही दोघांनीं तें उचलून आणलें, पुसलें. भाचेसुनेनें मूठभर तांदूळ घातले. अक्काच्या हातानें तें फिरेना. तेव्हां सौभाग्यवती समोर बसल्या आणि दोघींनीं खुंटा धरला. जातें घरघरलें, आणि अक्कानें ज्या सुरांत ओवी उचलली, तो सूर कालच्या दुपारचा नव्हता. कालची अक्का आम्हांस ओव्या सांगत होती. ही दळत होती.

पाऊण तासांत तिनें त्रेचाळीस ओव्या म्हटल्या. मध्यें तीनदां खोकली, एकदां विसरून हसली, एकदां सौभाग्यवतींस म्हणाली, “वैनी, वैरण घाल.” सारें उतरलें आहे, जात्याच्या घरघरीसकट. पाटीची पाठ हातानें पाहिली, कोमटही नव्हती.

ती एक ओवी मात्र त्यांत आली नाहीं. अक्का थांबल्यावर आम्हीं विचारलें. ती कांहीं वेळ जात्याच्या तोंडाशीं बोट फिरवीत बसली.

“काल आली होती ती,” अक्का म्हणाली. “आज नाहीं आली. बोलावून येते होय रे, बाळ?”

“आठवत नाहीं कां?”

“आठवते. पण म्हणवत नाहीं.”

आम्हीं पुन्हां विचारलें नाहीं. भाच्याकडून एक दुरेघी वही मागून घेतली आणि पडवींत बसून, कानांत जेवढें राहिलें होतें तेवढें लिहिलें. पहिला चरण पुरा आठवला. तिसऱ्यांतले दोन शब्द, आणि शेवटचें नांव. दुसऱ्याची जागा मोकळी ठेवली.

इरकली अंगरखा सौभाग्यवतींनीं सांगलीसच ठेवला. त्याचे टांके उसवून, आंतले पदर वाढवून, अक्काच्या गुडघ्याखालीं घ्यावयास मऊ उशी करून दिली. परतीच्या प्रवासांत पाटी बंद करून पिशवींत वरच, मोकळी ठेवली होती. नातू कऱ्हाडापर्यंत खिडकींतून कृष्णा शोधीत होता.

हल्लीं साताऱ्यांत पाऊस आहे आणि पाटी तापत नाहीं, तरी घरांत तिचीं वेळापत्रकें ठरलीं आहेत; फोडणीशेजारीं ती जात नाहीं, आणि रात्रीं दोरीस बांधून ती ओट्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत असते. पहांटेचा तास आमचा. व्यासपीठावर पाटी ठेवून आम्ही एक एक ओवी ऐकतों, थांबवितों, आणि वहींत उतरवितों. कागदावर आणि पाटींत, दोन्हींकडे असूं द्याव्या म्हणून. सत्ताविसावीपर्यंत आलों आहों. श्रावणांत नदी फार चढली नाहीं, तर सांगलीस पुन्हां जाऊन येऊं.